त्या बाळाचं पूर्वकर्म कोणतं?



गेल्या महिन्यात ऑनलाइन वंदना झाल्यावर आपल्यातल्या एका तरुण उपासिकेनं एक प्रश्न विचारला. ती बालरोगाचं प्रशिक्षण घेणारी पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर आहे आणि सध्या तिची ड्यूटी नवजात अतिदक्षता विभागात आहे. चोविसाव्या आठवड्यात जन्मलेलं एक बाळ तिच्या रात्रपाळीत गेलं. आईनं विचारलं, "का?" तेव्हा जवळ उभ्या असलेल्या कुणीतरी सांत्वन म्हणून सांगितलं की यामागे देवाची काहीतरी योजना असेल. आमची मुलगी म्हणाली, "काका, ते वाक्य मला सहन झालं नाही. पण माझ्याकडे दुसरं वाक्यही नव्हतं. अशा वेळी आपला धम्म काय सांगतो?"

वंदनेनंतरच्या दहा मिनिटांत या प्रश्नाला न्याय देता आला नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो. स्टेट कॉलेजला येण्याआधी मीही विदर्भातल्या एका सरकारी रुग्णालयात बालरोगाची निवासी डॉक्टरकी केली आहे. एका वॉर्मरवर दोन-दोन बाळं आणि सलग छत्तीस तासांची ड्यूटी, असे ते दिवस होते. हा प्रश्न मला अनेक आयांनी विचारला. त्यांची भाषा वेगळी होती, पण "का" तोच होता.

'देवाची योजना' हे काही अमेरिकेचंच वाक्य नाही. आपल्याकडे सटवाई होती. पाचवीच्या रात्री ती येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, असं आपल्या आज्या-पणज्या मानत. कोरा कागद आणि लेखणीही तयार ठेवत. त्या आठवड्यात बाळ दगावलं तर "तेवढंच लिहिलं होतं" म्हणायचं. आता पाचवी-सातव्या दिवसालाच एवढं भय का चिकटलं असेल? बाळाची नाळ विळ्यानं कापायची आणि वर राख किंवा शेण लावायचं, अशी रीत जिथे होती तिथे धनुर्वाताचे जंतू शिरत आणि नेमक्या त्याच दिवसांत बाळ ताठ होऊन जाई. पुढे गरोदर बाईला धनुर्वाताची लस मिळू लागली, दवाखान्यात बाळंतपणं होऊ लागली, नाळेला स्वच्छ पातं आलं. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या माता व नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं मान्य केलं. सटवाईचं लिखित खोडायला लस आणि पातं पुरलं. ज्या बाळांच्या कपाळी 'तेवढंच लिहिलं होतं', त्यांचं काही लिहिलेलं नव्हतंच.

सटवाई आपण सोडली. पण तिच्या जागी पूर्वकर्माला मागच्या दारानं घरात घेतलेली माणसं आपल्यातही आहेत, हे स्पष्ट सांगायला हवं. परदेशात वेगवेगळ्या देशांच्या विहारांत आपलं जाणं-येणं असतं, तिथल्या प्रवचनांत गेल्या जन्मीच्या कर्माची फळं सर्रास सांगितली जातात आणि आपले लोक मान डोलावतात. नवजात विभागात उभं राहिलं की हा सिद्धांत सर्वांत उघडा पडतो. मोठ्या माणसाच्या दुखण्यामागे त्याचं काहीतरी वागणं दाखवता येतं. तो दारू प्यायचा, तंबाखू खायचा. सहाशे ग्रॅमच्या बाळानं काय केलेलं असणार? त्यानं धड एक श्वासही स्वतःहून घेतलेला नाही. म्हणून दोष देण्यासाठी त्याला गेल्या जन्मात ओढत न्यावं लागतं, आणि तिथे कुणालाच काही तपासता येत नाही.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी नेमका यावरच घाव घातला आहे. माणसाच्या आजच्या स्थितीला गतजन्मीचं कर्म जबाबदार धरलं की गरीब आणि दलितांच्या अवस्थेची जबाबदारी समाजाला व राज्याला झटकून टाकता येते. या सिद्धांताचा दुसरा काही उपयोग त्यांना दिसत नव्हता. हे लिहिणाऱ्या माणसानं आणि माता रमाईंनी आपली चार मुलं गमावली होती. पाचांपैकी एकटे यशवंतराव जगले. पूर्वकर्माच्या आधाराची गरज एखाद्या बापाला असती तर त्यांना असती. त्यांनी तो आधार नाकारला, आणि म्हणून त्या नाकारण्याला माझ्या लेखी पुस्तकी पांडित्याहून जास्त वजन आहे.

अमेरिकेतही हेच पूर्वकर्म एका वेगळ्या नावानं फिरतं. इथे कृष्णवर्णीय बालकांचा मृत्युदर गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक आहे. बरीच वर्षं काही जण सुचवत राहिले की वंशातच, रक्तातच काहीतरी असेल. १९९७ मध्ये रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स या दोन डॉक्टरांनी इलिनॉय राज्यातल्या जन्मांचा अभ्यास 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापला. त्यात आफ्रिकेत जन्मून इथे आलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाळांचं वजन इथल्या गोऱ्या स्त्रियांच्या बाळांच्या जवळ जाणारं दिसलं. अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाळांचं मात्र खूप कमी. रक्तात खोट असती तर आफ्रिकेतून आलेल्यांची बाळं जास्त कमी वजनाची निघायला हवी होती. म्हणजे कारण रक्तात नव्हतं, ते या देशात कृष्णवर्णीय म्हणून काढलेल्या आयुष्यात होतं. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणारा समाज आईच्या पोटातल्या बाळापर्यंत कसा पोहोचतो, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

कुणी म्हणेल, मग किसा गोतमीचं काय? तथागतांनी तिला मोहरी आणायला पाठवलं ते मृत्यू अटळ आहे हे शिकवण्यासाठीच ना? होय. पण दोन गोष्टी आपण विसरतो. एक म्हणजे तथागतांनी तिला दारातच उपदेश ऐकवला नाही. ती स्वतः घरोघर फिरली, तिला स्वतःला कळलं. बाळ जाऊन तास झालेला नसताना आईला मोहरीची गोष्ट सांगणारा माणूस मला धम्माचा जाणकार वाटत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मृत्यू प्रत्येक घरी येतो. पण लेकराचा मृत्यू प्रत्येक घरी सारखा येत नाही. मूल गेलेलं नाही असं घर शोधत गोतमी आज इथल्या कॉलेज अव्हेन्यूच्या आसपास फिरली तर तिची ओंजळ मोहरीनं भरून जाईल. मेळघाटात फिरली तर तिला फार लांब चालावं लागेल. अनित्यता दोन्हीकडे आहे, आणि दोन्हींमधला फरक मात्र अनित्यतेचा नाही. तो माणसांनी केलेला आहे आणि माणसांना मोडता येतो.

पूर्वकर्म हे एक खोटं उत्तर झालं. दुसरं खोटं उत्तर अधिक आधुनिक आहे आणि ते तरुण डॉक्टरांच्या मानेवर बसतं: शेवटचा हात कुणाचा होता ते पाहा आणि त्याला धरा.

९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात विभागाला आग लागली. विभागात सतरा बाळं होती. सात वाचवता आली, दहा गेली. त्यांच्या आई-बापांत मोलमजुरी करणारी माणसं होती. अग्निशमन व्यवस्थेचा प्रस्ताव आधीच वर पाठवलेला होता आणि मंजुरीविना पडून होता, अशा बातम्या तेव्हा छापून आल्या. नंतर काही अधिकारी निलंबित झाले, कंत्राटी डॉक्टर आणि परिचारिकांच्या सेवा संपवल्या गेल्या, आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो दोन परिचारिकांवर. त्या रात्री कोण कुठे होतं याची चौकशी झालीच पाहिजे, यात वाद नाही. पण पडून राहिलेल्या फाइलीला अटक होत नाही. कारणांची साखळी खालून वर चढत जाते आणि चौकशी मात्र पहिल्याच कडीपाशी थांबते.

दोन वर्षांनी, सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस, नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले. त्यांत बारा नवजात बालकं होती. एक खासदार तिथे गेले आणि त्यांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन कॅमेऱ्यासमोर संडास साफ करून घेतला. त्या प्रकरणी अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. बारा बाळांच्या मृत्यूला हे उत्तर! यातून एका तरी बाळाच्या मृत्यूचं कारण कळलं का?

आता इथलं उदाहरण घ्या. स्टेट कॉलेजहून दीडेक तासावर डॅनव्हिलला गाइसिंगर मेडिकल सेंटर आहे. २०१९ मध्ये तिथल्या नवजात विभागात आठ बाळांना स्युडोमोनास जंतूचा संसर्ग झाला आणि तीन बाळं गेली. म्हणजे श्रीमंत देशातही बाळं माणसांच्या चुकांनी जातात, हे आधी मान्य करू. तपासात कारण सापडलं ते असं: दात्या मातांचं दूध मोजायची जी उपकरणं होती त्यांतून जंतू येत होता. रुग्णालयानं ते जाहीर केलं आणि एकदाच वापरून टाकायची उपकरणं आणली. पालक न्यायालयात गेले, ते जायलाच हवे होते. पैशानं आणि माफीनं ती बाळं परत आली नाहीत. तरीही "हे कशामुळे झालं" हा प्रश्न दुधाच्या मापापर्यंत नेला गेला, म्हणून पुढच्या बाळाचं दूध वेगळ्या मापात मोजलं गेलं. 'हे असल्यावर ते होतं. हे नसल्यावर ते होत नाही' या प्रतीत्यसमुत्पादाचा अर्थ मला विभागात असाच समजतो. कारण शोधायचं ते तोडण्यासाठी. एखाद्याला बडवून मोकळं होण्यासाठी नाही.

आणि झाडूवरून आठवलं. अतिसारानं आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्या मळात पडलेला तथागतांना दिसला. इतर भिक्खू तुझी सेवा का करत नाहीत, असं विचारल्यावर तो म्हणाला की माझा त्यांना काही उपयोग नाही. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं, दोघांनी मिळून त्याला अंघोळ घातली, उचलून बिछान्यावर ठेवलं. संघात ज्यांच्यावर कुणी नव्हतं त्यांनीच हे काम केलं. ही गोष्ट आपण करुणेची म्हणून सांगतो. मला तिच्यातलं ते 'उपयोग नाही' हे वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. नवजात बाळाइतका निरुपयोगी जीव दुसरा नाही. त्यानं कुणासाठी काही केलेलं नाही, आणि ते जगेल की नाही याचीही खात्री नसते. त्याच्यासाठी रात्रभर जागणाऱ्याला परतफेड मिळत नाही. बाबासाहेबांनी मैत्रीला करुणेच्याही पुढचं स्थान दिलं. ती मैत्री हिशेब न मांडता कशी करायची, हे तुला त्या विभागात रोज बघायला मिळतं आहे, मुली.

तर आईला काय सांगायचं?

अनुभवावरून माझं मत असं. आधी बस. उभ्यानं बोलू नकोस. बाळाला नाव ठेवलं असेल तर ते नाव घे. "तुमच्या हातून काही चुकलं नाही" हे सांग, पण ते खरं आहे म्हणून सांग. कारण मुदतपूर्व प्रसूतींपैकी कितीतरींचं नेमकं कारण आजच्या वैद्यकालाही सापडत नाही. माझ्याकडे सातव्या महिन्यात बाळंत झालेली एक मजूर बाई होती, शेवटच्या दिवसापर्यंत वीटभट्टीवर राबलेली. तिनं विचारलं, "मी ओझं उचललं म्हणून झालं का?" तिला नुसतं 'नाही' म्हणणं पुरेसं नव्हतं. ओझ्याचा संबंध नसेलच असं मी सांगू शकत नव्हतो. मी म्हटलं, "ताई, तुम्हाला विश्रांती मिळायला हवी होती. ती कुणी दिली नाही. हा तुमचा दोष नाही." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हे मुकादमाला सांगा." तिचं बरोबर होतं.

आणि जे माहीत नाही ते "माहीत नाही" असंच सांग. योजना, नशीब, कर्म हे सगळे शब्द या दोन शब्दांना टाळण्यासाठी निघालेले आहेत. "माहीत नाही" म्हटल्यावर पुढचं वाक्य मात्र तुझ्यावर येतं: "शोधायचा प्रयत्न करू." त्यासाठी वारेची तपासणी लागते, कधी शवविच्छेदनाची परवानगी मागावी लागते, आणि रात्री तीन वाजता ती मागायचं काम बहुधा सर्वांत ज्युनिअर डॉक्टरच्याच वाट्याला येतं. मागताना जीभ जड होते. पण ज्या आईनं "का" विचारलं तिलाच हे विचारायचं असतं, आणि नकार देण्याचा तिचा हक्क पुरता असतो. आपल्या घरांतही अशा वेळी लोक कचरतात, बाळाच्या देहाला हात लावू नका म्हणतात. त्यांना इतकंच कळवा की धम्मात याला कसलीही आडकाठी नाही.