न झालेल्या कुस्तीचा निकाल

चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा विजय चौधरी 2014, 2015 आणि 2016 अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी झाला. पहिली गदा अहमदनगरला, दुसरी नागपूरला, तिसरी पुण्याच्या वारज्यात. त्याच्या आधीची तीन वर्षे, 2011 ते 2013, गदा मुंबईच्या नरसिंग यादवकडे होती. 1961 पासून चाललेल्या या स्पर्धेत तोवर सलग तीनदा कोणी जिंकले नव्हते, आणि मग सहा वर्षांत दोघांनी ते करून दाखवले. जळगाव-धुळ्याकडे कुस्त्यांची दंगल भरली की आखाड्याच्या कडेला बसलेल्या जुन्या मंडळींना बोलायला एवढे पुरते. दोघांत भारी कोण? आणि हे दोघे तरी दादू चौगुल्यांपुढे टिकले असते का? दादूंनी 1970 ला पुण्यात आणि 1971 ला अलिबागला गदा घेतली, 1974 ला ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. विजय जन्मला त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

असले वाद रिकामटेकडे म्हणून झटकणारे पुष्कळ भेटतात. पण अमेरिकेतले बास्केटबॉलवालेही वर्षानुवर्षे हेच भांडण भांडत आहेत. बिल रसेलच्या नावावर 1957 ते 1969 या काळातली अकरा विजेतेपदे, मायकेल जॉर्डनच्या नावावर सहा. विल्ट चेंबरलेनने 2 मार्च 1962 रोजी एका सामन्यात एकट्याने 100 गुण केले, तेव्हा लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण देणारी रेषाच त्यांच्या लीगमध्ये नव्हती; ती आली 1979 मध्ये. त्या रेषेबाहेरून खेळावर राज्य करणारा स्टीफन करी 1962 मध्ये कोण ठरला असता? उत्तर आहे, पण आपल्याला ठाऊक नाही, असे म्हणायचे? की उत्तरच नाही असे म्हणायचे? या दोन विधानांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि इथून पुढे प्रश्न खेळाचा राहत नाही.

चौकट बदलली की खेळ बदलतो, हे कुस्तीत तर पायाखालीच दिसते. तांबड्या मातीत तेल, ताक, लिंबू, हळद मुरवून आखाडा मऊ केलेला असतो. पाय रुततो, झेप मंदावते. घामाने निसटणारे अंग धरता यावे म्हणून पैलवान मूठभर माती उचलून समोरच्याच्या मानेला, दंडाला फासतो. खडाखडी लांबते. जुन्या निकाली कुस्तीत घड्याळ नव्हते. पाठ लागली की निकाल, तोवर दमसास. गादीवर बूट घातलेला पाय उसळी घेतो आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच एकेरी पट लागतो. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. रिंगणाबाहेर काढले तर एक गुण, खाली घेतले तर दोन, आणि दहा गुणांची आघाडी झाली की पाठ न लावताही कुस्ती संपते. मातीत तासभर लढला असता असा गडी गादीवर सहा मिनिटांत हरू शकतो.

महाराष्ट्र केसरीने या दोन जगांची गाठ घालून दिली आहे. माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता शेवटच्या कुस्तीत समोरासमोर येतात. म्हणजे दोन शैलींची तुलना इथे दरवर्षी प्रत्यक्ष लावली जाते.

तरीही भांडण मिटत नाही. जानेवारी 2023 मध्ये पुण्याच्या कोथरूडला माती विभागात महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखला बाहेरची टांग लावली, पंचांनी चार गुण दिले, आणि ते चार होते की दोन यावर महाराष्ट्रभर मोबाइलवर तीच चित्रफीत थांबवून थांबवून पाहिली गेली. 2025 मध्ये अहिल्यानगरला आपली पाठ टेकलीच नाही म्हणून शिवराज राक्षेने वाद घातला, पंचाला लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. दोन्ही गडी हयात, नियम तेच, कॅमेरे चहूबाजूंनी. तरी ‘कोण जिंकले’ यावर एकमत नाही. मग 1971 चा माणूस आणि 2016 चा माणूस यांचा निकाल कट्ट्यावर बसून कोण लावणार!

खान्देशाने ही अडचण फार पूर्वी पाहिलेली आहे. महाराष्ट्र केसरीचे 1962 चे मैदान धुळ्यात भरले, भगवान मोरे जिंकले. 1966 ला जळगावात दीनानाथ सिंह जिंकले. 1977 ला स्पर्धा चाळीसगावात आली आणि किताबाचा निकालच लागला नाही. विजेत्यांच्या यादीत त्या वर्षापुढे ‘अनिर्णित’ एवढेच आहे. यादी वाचणारे ही ओळ सोडून पुढे जातात. वास्तविक थांबण्याजोगी तीच आहे.

चाळीसगावपासून फार लांब नाही ते अमळनेर. तिथे श्रीमंत प्रताप शेठ यांच्या देणगीतून 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. साने गुरुजी काही काळ तिथे होते, आणि 1930 च्या दशकात काही काळ कृष्णचंद्र भट्टाचार्य संचालक होते. संस्थेचा ओढा अद्वैत वेदान्ताकडे. पण भट्टाचार्यांनी 1925 मध्ये जैनांच्या अनेकान्तवादावर एक निबंध लिहिला होता. छोटा आहे, वाचायला कठीण आहे, आणि आखाड्यातल्या वादाला तो जितका उपयोगी पडतो तितके कुठलेही आकडेशास्त्र पडत नाही.

जैन तर्कात कोणतेही विधान चार बाजूंनी बांधलेले असते: द्रव्य, क्षेत्र, काल, भाव. काय, कुठे, केव्हा, कोणत्या अवस्थेत. घडा ‘आहे’ तो आपल्या द्रव्याने, आपल्या जागी, आपल्या काळात. दुसऱ्या जागी, दुसऱ्या काळात तो ‘नाही’. आणि ‘आहे’ व ‘नाही’ एकाच दमात म्हणायला गेले तर वस्तू ‘अवक्तव्य’ होते. सप्तभंगीतला, म्हणजे जैनांच्या सात प्रकारच्या विधानांतला, हा भंग पुष्कळांना पळवाट वाटतो. भट्टाचार्यांनी तसे मानले नाही. अनिश्चिताला त्यांनी आपल्या अज्ञानाच्या खात्यावर टाकले नाही. वस्तूच्या स्वरूपातच त्याला जागा दिली.

दादू भारी की विजय, हा प्रश्न नेमका त्या जागी बसतो. दादू विजयविरुद्ध लढणार ते मातीत की गादीवर? कोणाच्या खुराकावर, कोणाच्या वजनाने, घड्याळ लावून की न लावता? यातले एकेक ठरवत गेले की उत्तर हळूहळू एका बाजूला झुकते, पण तोवर आपण दोघांपैकी एकाला दुसऱ्याच्या काळात नेऊन वेगळाच माणूस केलेला असतो. गामा आणि झिबिस्को या पैलवानांचे उदाहरण पाहा. 1910 ला लंडनमध्ये झिबिस्को गादीवर पालथा पडून अडीच तासांहून अधिक काळ गामाला दाद देईना, कुस्ती बरोबरीत. 1928 ला पतियाळात हेच दोघे पुन्हा भिडले आणि गामाने मिनिटाच्या आत त्याला चीत केले. माणसे तीच. क्षेत्र बदलले, काळ बदलला, निकाल बदलला.

पण म्हणून सगळेच सारखे, ज्याचा त्याचा काळ, असे म्हणून हात झटकणे हा अनेकान्त नव्हे. तो आळस झाला. बाजू सांगून केलेले विधान पक्के असते, आणि एक बाजू अशी आहे की तिच्यावरून वेगवेगळ्या काळांतल्या माणसांना एका रांगेत उभे करता येते: आपल्या चौकटीबाहेर पडून कोण जिंकला? ही न झालेल्या कुस्तीची कल्पना नाही, झालेल्या कुस्त्यांचा हिशेब आहे.

या हिशेबात गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिंपिकला गादी नवखी असताना सहावे आले आणि 1952 ला हेलसिंकीत 57 किलो गटात कांस्यपदक घेऊन आले. जडांच्या गदेच्या स्पर्धेत त्या वजनाला जागाच नाही; महाराष्ट्र केसरीच्या यादीवरून मोजायला बसलो तर खाशाबा कुठेच नाहीत, यावरून त्या यादीची मर्यादा कळावी. आणि गणपतराव आंदळकर! मातीत घडलेला, 1960 चा हिंद केसरी. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी फ्रीस्टाइलला रौप्य घेतले, आणि सुवर्ण घेतले ते ग्रीको-रोमनमध्ये, जिथे कमरेखाली हात लावायची सोय नाही. पट काढत वाढलेल्या पैलवानाला पायच वर्ज्य, आणि तरी सुवर्ण. एवढ्या दूरच्या चौकटीत जाऊन जिंकलेला दुसरा मराठी पैलवान सापडणे अवघड. पहिली जागा त्यांची.

उरला नरसिंग-विजयचा वाद. नरसिंगचा आंतरराष्ट्रीय गट 74 किलोंचा. त्या अंगाने त्याने जडांच्या स्पर्धेत तीन गदा घेतल्या, 2010 ला दिल्लीत राष्ट्रकुल सुवर्ण आणि 2015 ला लास वेगासला जागतिक कांस्य मिळवले. 2016 मध्ये उत्तेजकाच्या प्रकरणात क्रीडा लवादाने त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली, रिओ हुकले; आपल्या खाण्यात कोणीतरी काही मिसळले, हे त्याचे म्हणणे लवादाने मानले नाही. ‘भाव’ या चौथ्या बाजूला तो डाग राहतो आणि तो लपवून तुलना करता येणार नाही. विजय मात्र आपल्याच जड गटात राहिला. पोलीस उपअधीक्षक झाल्यावर 2023 ला विनिपेगच्या जागतिक पोलीस स्पर्धेत त्याने सुवर्ण मिळवले तेही 125 किलोंत. कोल्हापूर-पुण्यासारखी तालमींची दाट परंपरा पाठीशी नसलेल्या मुलखातून तो वर आला, म्हणून ‘क्षेत्र’ या बाजूने त्याचे पारडे जड. तरीही केवळ कुस्ती पाहायची तर नरसिंग भारी. चाळीसगावात हे पटणार नाही, आणि तिथल्यांना न पटण्याचा हक्क आहे: सलग तीन गदा खान्देशात आणणारा विजयखेरीज दुसरा पैलवान अजून झालेला नाही.