देव : अठरा वर्षे पूर्ण असणाऱ्यांसाठीच

गेल्या दिवाळीत एका अंकात एका बुद्धिवादी गृहस्थांचा लेख आला होता. मतदानाला जशी वयाची अट आहे तशी देवालाही असावी, अठरा पूर्ण होईपर्यंत मुलांच्या कानावर धर्म पडू देऊ नये, हा त्याचा मथितार्थ. ख्रिस्ती मूल असं काही नसतं, असतात ती ख्रिस्ती आईबापांची मुलं, हा मुद्दा रिचर्ड डॉकिन्सनं २००६ साली ‘द गॉड डिल्यूजन’मध्ये मांडून झाला आहे, लेखात त्याचं नाव नव्हतं, पण ते एक असो. खटकलं ते उदाहरण. सबंध लेखात मुंज नाही, बारसं नाही, सत्यनारायण नाही. उदाहरण एकच : रविवारी सकाळी शीवच्या रस्त्यानं इस्त्रीचे कपडे घालून चर्चकडे ‘नेली जाणारी’ मुलं. गृहस्थ आमच्याच भागातले. त्यांच्या नातवाची मुंज माटुंग्याला झाली तेव्हा मी जेवून आलो होतो. मठ्ठा उत्तम होता. तिथे झाला तो संस्कार, आमच्याकडे होतं ते ब्रेनवॉशिंग.

नेल्या जाणाऱ्यांपैकी दोन माझी आहेत, म्हणून हा लेख. आमचं घराणं नगरकडचं, मिशनच्या शाळेत शिकलेलं. रात्री जेवणाआधी शास्त्रातला एक उतारा वाचायचा आणि मग ताटावर बसायचं, हे आम्ही लहानपणी केलं. वरण निवायचं, पण उतारा संपायचा. मुंबईत ते मोडलं. अलीकडे आम्ही दोन-तीन कुटुंबं रविवारी संध्याकाळी आमच्या घरी बसतो. त्यातलं एक कॅथलिक, अवर लेडी ऑफ गुड कौन्सिल चर्चच्या पॅरिशमधलं. धडा कुणी तयार करून येत नाही. एक अध्याय वाचायचा आणि मुलं काय विचारतात ते ऐकायचं.

एका रविवारी उत्पत्तीचा बाविसावा अध्याय निघाला. अब्राहाम इसहाकाला घेऊन मोरियाच्या डोंगराकडे निघतो, लाकडं पोराच्याच पाठीवर देतो, सुरी आपल्या हातात ठेवतो. आम्ही मोठी माणसं हा अध्याय इतक्या वेळा ऐकून चुकलोय की शेवटी मेंढा सापडणार या भरवशावर मधलं सगळं भराभर ओलांडतो. माझा नऊ वर्षांचा मुलगा म्हणाला, “साराला सांगितलं होतं का?” आम्ही सगळ्यांनी पानं चाळली. नाही. पुढचा अध्याय सुरू होतो तो थेट सारा एकशेसत्तावीस वर्षांची होऊन वारली इथून. कॅथलिक घरातले काका म्हणाले, “बेटा, ती परीक्षा होती.” त्यावर माझी मुलगी, ती आठवीत आहे, म्हणाली, “परीक्षा बापाची आणि हात-पाय बांधले मुलाचे?” मग धाकट्यानं विचारायचं ते विचारलंच : “बाबा, तुम्हाला देवानं सांगितलं असतं तर?”

मी म्हटलं, नाही म्हणालो असतो. सासूबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

या प्रश्नावर सोरेन किर्केगार्दनं १८४३ साली कोपनहेगनमध्ये एक सबंध पुस्तक प्रसिद्ध केलं, ‘भय आणि कंप’. त्याच्या आरंभी तो हाच प्रवास वेगवेगळ्या तऱ्हांनी रंगवून पाहतो. एका तऱ्हेत अब्राहाम डोंगरावर एकाएकी क्रूर मुद्रा करतो आणि मुलाला भासवतो की ही देवाची आज्ञा नाही, मीच नराधम आहे. का, तर पोराचा बापावरचा विश्वास उडाला तरी चालेल, देवावरचा उडू नये. हा बाप मला खऱ्या अब्राहामापेक्षा जास्त धार्मिक वाटतो. आणि आजचे आम्ही सगळे नेमके उलट्या बाजूला उभे आहोत. मुलांनी आमच्यावर रुसू नये म्हणून देवाची बाजू सावरून घेतो, किंवा सोडून देतो.

योगायोग असा की त्याच १८४३ मध्ये आपल्या मुंबईत एक बाप मुलासाठी कोर्टात उभा होता. नारायण शेषाद्री परळीकर ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारे बारा, मिशनऱ्यांच्या घरी राहिला. बापानं दावा केला आणि कोर्टानं मूल बापाच्या ताब्यात दिलं. त्याआधी १८३९ मध्ये मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या पारशी तरुणांच्या बाप्तिस्म्यावरूनही असाच खटला झाला होता. ते थोडे मोठे होते म्हणून निकाल उलटा लागला. श्रीपतचं पुढे काय झालं? मिशनऱ्यांच्या पंक्तीत जेवलेलं पोर जातीत परत घ्यायचं की नाही यावर शहर पेटलं. बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन घ्यावं म्हणाले, म्हणून सनातन्यांनी त्यांनाच धारेवर धरलं. आमच्या गृहस्थांना वाटतं तसा ‘मूल कोणत्या वयात ठरवू शकतं’ हा प्रश्न त्यांनी काढलेला नाही. मुंबईत तो पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी निघाला. एवढं रान उठलं, पण श्रीपतला काय वाटलं ते त्या चर्चेत कुठे ऐकू येत नाही.

आता मुख्य साक्षीदार. पंडिता रमाबाई २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे ख्रिस्ती झाल्या, त्याच दिवशी अडीच वर्षांच्या मनोरमेलाही बाप्तिस्मा मिळाला. शाळेत, पाठ्यपुस्तकात रमाबाई इथे एकतर थोर होतात किंवा धर्मबुडव्या. मला त्यानंतरची तीन वर्षं सर्वांत मोलाची वाटतात. बाप्तिस्मा घेतलेल्या या बाई नंतर चर्चशी भांडत बसल्या. त्रैक्य त्यांना पटेना. ख्रिस्ताच्या देवत्वाबद्दल त्या चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांना लांबलचक पत्रं लिहीत. सिस्टर जेराल्डीन, त्यांची धर्ममाता, जिला घरात ‘आजीबाई’ म्हणत, ही धसकली. मोठीचं जाऊ दे, निदान पोरीला तरी चर्चचे सिद्धान्त नीट शिकवू, असा तिचा आग्रह. रमाबाईंनी बजावलं : माझ्या मुलीला काय शिकवायचं ते मी ठरवीन, भटाभिक्षुकांचं जोखड महत्प्रयासानं उतरवलं ते दुसरं चढवायला नव्हे. विधवा, परदेशात, आश्रयाला राहिलेली, वय सत्तावीस-अठ्ठावीस. आणि जिच्या आधारावर राहायचं तिलाच हे सुनवायचं!

ही पत्रं जेराल्डीननंच जपली, जुळवली. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य-संस्कृती मंडळानं ती छापली. संपादक कोण? अ. भि. शहा, इंडियन सेक्युलर सोसायटीचे. आमच्या गृहस्थांच्याच पंथाचा थोर माणूस. निदान घरचं पुस्तक तरी वाचावं.

पुढे विधवांसाठी रमाबाईंनी काढलेलं शारदा सदन पुण्यात असताना १८९३ चं वादळ झालं. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन बायबल वाचत, प्रार्थना करत. मुलगी तेव्हा बारा वर्षांची. खोलीचं दार उघडं असे आणि सदनातल्या काही मुली येऊन बसत. एवढंच. ‘केसरी’नं झोड उठवली, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. रानड्यांचं मला नेहमी नवल वाटतं. प्रार्थनासमाजाचा माणूस, प्रार्थनेला दचकला. बाईंना सांगण्यात आलं ते सभ्य होतं : लेकीबरोबर हवं ते करा, दार लावून करा. बाईंनी दार लावलं नाही. धर्मांतरबंदीच्या कायद्याचा विषय निघतो तेव्हा मला हे दार आठवतं. ओडिशाच्या १९६७ च्या कायद्यात अज्ञान मूल, स्त्री आणि अनुसूचित जाती-जमाती यांच्या बाबतीत शिक्षा दुप्पट आहे. म्हणजे बाई आणि बारा वर्षांचं पोर कायद्याच्या हिशेबी सारखंच.

इथवर मी रमाबाईंचा वकील होतो. पण मनोरमेची बाजू घेऊन उभं राहिलं की वकीलपत्र डळमळतं. आईनं जेराल्डीनला मुलीवर हक्क सांगू दिला नाही. स्वतः मात्र सोडला नाही. मनोरमा परदेशात शिकली, परत आली ती आईच्याच कामाला लागली. केडगावची शाळा पाहिली, गुलबर्ग्याला शाळा काढली, १९२१ मध्ये चाळिशीत वारली, आईच्या आधी. तिला वेगळं काही करायचं होतं का? तिच्या आईची शंका मला पानापानांवर सापडते, तिची कुठे सापडत नाही. आणि आईची शंकाही पुढे विरली. १९०५ मध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनात धार्मिक जागृतीची लाट आली, त्या वेळच्या रमाबाई जेराल्डीनशी भांडणाऱ्या रमाबाई नव्हेत. त्यांचं ठरलं होतं. शेवटची वर्षं त्यांनी सबंध बायबल सोप्या मराठीत आणण्यात घातली. ते अफाट काम आहे, १९२४ साली त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झालं. पण वाचायला घेतो तेव्हा मला १८८५ ची भांडणारीच बाई हवी असते.

म्हणून गृहस्थांना अर्धा मुद्दा देऊन टाकतो. ‘मुलांबरोबर श्रद्धेचा शोध’ हे आमच्या मंडळ्यांत हल्ली फार ऐकू येतं, आणि ते बहुतेकदा खोटं असतं. पुस्तक बापानं निवडलं, वेळ बापानं ठरवली, उत्तर बापाला माहीत आहे, आणि पोरानं शोधायचं! लपवलेलं चॉकलेट शोधायला लावण्यासारखंच हे. माझं मत आता असं झालंय, आणि ते आमच्या पाळकांनाही आवडणार नाही : ज्यांची खात्री झालेली आहे त्या आईबापांनी घरी शास्त्र काढूच नये. मुलांना सरळ संडे स्कूलला पाठवावं. तिथे शिकवणारा शिकवतो आहे हे मुलाला कळतं, त्याला चुकवता येतं, मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघता येतं. ज्यांचं अजून ठरायचंय त्यांनीच मुलांसमोर पुस्तक उघडावं. खात्री झालेल्या नास्तिकालाही हाच नियम लागू. अठरा वर्षं मौन पाळणं हीसुद्धा शिकवणीच, फक्त फी घेत नाहीत.

नारायण वामन टिळकांच्या घरात काय झालं ते पाहा. टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या काळात ताटातूट झाली, मग बाई नवऱ्याकडे राहायला आल्या त्या सोवळंओवळं घेऊनच. त्यांच्या मुलानं, दत्तूनं, हे सगळं पाहिलं : बाप एका धर्माचा, आई दुसऱ्या, पाण्याचे हंडे वेगळे, आणि आईचं सोवळं हळूहळू तिच्या तिनंच सैल केलेलं. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला जाणवतं की या घरात मुलाला धर्माचा पाठ कुणी काय दिला असेल तो असो, त्यापेक्षा मोठी गोष्ट त्यानं पाहिली : आपली आई मत बदलते आहे. हाच दत्तू, देवदत्त टिळक, पुढे ‘बालबोधमेवा’ हे मुलांचं मासिक चालवत असे.

आमचं संविधान याबाबत मुलाला फारसं विचारत नाही. कलम २८ प्रमाणे सरकारमान्य शाळेत धर्मशिक्षणाला बसवायचं तर अज्ञान मुलाच्या पालकाची संमती लागते, मुलाची नव्हे. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, जो आपण १९९२ साली स्वीकारला, धर्मस्वातंत्र्य मुलाचं आहे आणि आईबापांना फक्त वाट दाखवायचा हक्क, तोही मुलाची समज वाढेल तसा. कागदावर हे छान आहे. कॅथलिक चर्चनं १९१० मध्ये पहिल्या कम्युनियनचं वय सातेक वर्षांवर आणलं, तेव्हा समजेचं वय म्हणतात ते हेच, असा त्यांचा हिशेब होता. माझ्या नऊ वर्षांच्या पोराचे प्रश्न ऐकले की तो हिशेब चुकीचा वाटत नाही. फक्त समज आल्यावर पोर ‘हो’च म्हणेल ही खात्री त्यांना कुठून आली, ते कळत नाही.

यंदा आमच्या मुलीच्या दृढीकरणाचा विषय निघाला. वर्ग सुरू होताहेत, नाव द्या, असा निरोप आला. तिला विचारलं तर म्हणाली, “मला येशू आवडतो. बाकीचं अजून माहीत नाही.” रविवारच्या बैठकीला ती येते, सगळ्यात जास्त तीच बोलते, आता ईयोब वाचायचा हट्ट तिचाच आहे. सासूबाईंचं म्हणणं, नाव घालून ठेवा, श्रद्धा येईल मागून. नातेवाइकांना पत्ता लागला तर काय सांगायचं, हा बायकोचा प्रश्न. मी पाळकांना कळवलं की यंदा नाव नको. ते म्हणाले, पुढची तुकडी थेट दोन वर्षांनी. मी म्हटलं, चालेल. तेव्हाही तिलाच विचारा.