भातखाचरातील हिंसा आणि संयम

शेती करणाऱ्याला कीड मारावी लागते. अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या परंपरांनी या अडचणीकडे डोळेझाक केलेली नाही. महाभारताच्या वनपर्वात धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला बजावतो, की नांगराखाली असंख्य जीव मरतात आणि हिंसेतून पूर्णपणे सुटलेला माणूस सापडत नाही. जैन आचारशास्त्र गृहस्थाकडून घडणाऱ्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार मानते. शेतीतली हिंसा उद्योगी ठरते. संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली, हिंसा मात्र गृहस्थानेही सोडायची असते.

कीटकनाशकाची फवारणी या चौकटीत सहज बसत नाही. नांगरताना जीव मरतात, पण त्यांना मारण्यासाठी कोणी नांगरत नाही. फवारणीचा हेतूच मारण्याचा असतो. पिकाचे रक्षण म्हणून तिला विरोधी हिंसा म्हणता येईल, पण मग आधी हल्ला झालेला असला पाहिजे. कीड दिसण्यापूर्वीच ठरल्या तारखेला पंप पाठीवर घेणारा नेमका कोणाला विरोध करतो?

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड, शहापूर, कल्याण, भिवंडी या तालुक्यांतल्या भातावर खोडकिडा ही नेहमीची कीड आहे. अळी खोडात शिरून गाभा पोखरते. कोवळा फुटवा सुकतो, पुढे लोंबी पांढरी आणि पोचट निघते. पण त्याच खाचरात कोळी, चतुर, ढालकिडे हे तिचे शत्रूही असतात आणि सरसकट फवारणीत तेही मरतात. म्हणून कृषिशास्त्राने आर्थिक नुकसानीची पातळी ठरवली: चौरस मीटरमागे एक अंडीपुंज किंवा 5 टक्के सुकलेले फुटवे दिसेपर्यंत औषध नाही. हा हिशेब पैशांचा आहे, पुण्याचा नाही. तरीही वरच्या प्रश्नाचे इतके नेमके उत्तर धर्मचर्चेतही क्वचितच मिळते. हल्ला झाला की नाही, हे बांधावर बसून मोजता येते.

पूर्वी याच ठाणे जिल्ह्यात असलेल्या सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे सापडले. नवव्या लेखात खऱ्या मंगलाची लक्षणे सांगताना प्राण्यांविषयी संयम हे एक लक्षण दिले आहे. तिथे सरसकट मनाई नाही. त्याच यादीत दास आणि नोकरांशी नीट वागणेही येते, आणि ही जोड फार महत्त्वाची आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. किडीवरचे विष आधी फवारणाऱ्याच्या अंगावर येते, हे विसरून केलेला अहिंसेचा विचार अपुरा राहतो.

विषाआधीचे उपाय बरेच आहेत. कोकण कृषी विद्यापीठ भात वैभव विळ्याने जमिनीलगत कापायला सांगते, कारण अळ्या धसकटात सुप्त राहतात. कामगंध सापळ्यात फक्त त्या एका जातीचे नर पतंग येतात. ट्रायकोग्रामा ही सूक्ष्म गांधीलमाशी खोडकिड्याच्या अंड्यातच आपली अंडी घालते. इथे हिंसा टळत नाही. ती दुसऱ्या कीटकाकडून करवून घेतली जाते, आणि करवणाऱ्याची जबाबदारी जैन विचार माफ करत नाही. मरणाऱ्या जिवांची निवड मात्र होते, निरपराध जीव वाचतात. गृहस्थधर्माची मागणी एवढीच आहे.

मोजणीचे काम एकट्या शास्त्रज्ञाच्या आवाक्यातले नाही. 2009-10 पासून राज्यात चालणाऱ्या क्रॉपसॅप प्रकल्पात ठरावीक शेतांतल्या किडींच्या नोंदी घेतल्या जातात, त्यांवरून कृषी विद्यापीठांचे तज्ज्ञ सल्ला देतात, आणि शेतीशाळेत शेतकरी स्वतः कीड ओळखायला शिकतात. जैन गृहस्थाचे अहिंसेचे अणुव्रत एकट्याने पाळता येते. शेतातला हा संयम तसा पाळता येत नाही: शेजारच्या खाचरात धसकटे राहिली तर पतंग बांध ओलांडून येतात, आणि ज्याने विळा जमिनीला टेकवून भात कापला त्यालाही शेवटी पंप उचलावा लागतो.