डीएनएवरून काढलेला चेहरा

ऑक्टोबर २०२२मध्ये कॅनडातल्या एडमंटन शहराच्या पोलिसांनी लैंगिक अत्याचाराच्या एका प्रकरणातल्या संशयिताचं चित्र प्रसिद्ध केलं. डीएनएच्या नमुन्यावरून एका खासगी कंपनीने संगणकावर घडवलेला तो एका काळ्या तरुणाचा चेहरा होता. टीकेची झोड उठली आणि दोनच दिवसांत पोलिसांनी चित्र मागे घेतलं, दिलगिरीही व्यक्त केली.

चेहरा आनुवंशिक असतो, यात वाद नाही. बारशाला जमलेल्या बायका ‘नाक आजोबांवर गेलंय’ म्हणतात, त्यात तथ्य असतंच. पण नाकाला एक जनुक, हनुवटीला एक, असा सरळ हिशेब नसतो. कानाची पाळी चिकटलेली की सुटी, हे शाळेत आपण एका जनुकाचं काम म्हणून शिकलो. २०१७ साली सुमारे ७५ हजार लोकांच्या अभ्यासात त्या एवढ्याशा पाळीशी जनुकसंचातल्या ४९ जागा निगडित निघाल्या.

पॅक्स-३ या जनुकाचंच पाहा. भ्रूणाच्या पाठीकडून निघालेल्या काही पेशी पुढे सरकत जाऊन चेहऱ्याची हाडं आणि कूर्चा घडवतात. त्या घडणीत याचा हात असतो. त्यात मोठा बिघाड झाला तर वार्डनबर्ग सिंड्रोम होतो: नाकाचं मूळ रुंद, डोळ्यांचे आतले कोपरे लांब, कपाळावर पांढरी बट, कधी बहिरेपणही. एरवी धडधाकट माणसांत याच जनुकाच्या परिसरातला बारीकसा फरक नाकाचं मूळ किंचित पुढे-मागे करतो, आरशात लक्षातही येणार नाही इतकं. २०२१ साली युरोपीय वंशाच्या ८,२४६ लोकांच्या चेहऱ्यांवरून अशा २०३ जागा हाती लागल्या. त्या साऱ्यांची बेरीज करूनही माणसामाणसांतल्या फरकाचा थोडाच भाग उलगडतो.

मग कंपनीने काढलं काय? डीएनएवरून पूर्वज कुठल्या भागातले, लिंग कोणतं, त्वचा साधारण किती गडद, हे बऱ्यापैकी सांगता येतं. त्यावर त्या समूहाचा सरासरी चेहरा बसवला जातो. म्हणजे नाव एका माणसाचं आणि चित्र जमातीचं. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

आपल्याला हा उद्योग नवा नाही. १९०१च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले नाकाच्या रुंदी-उंचीचं गुणोत्तर काढून जातींची उतरंड लावत होते. पुढे १९४८च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये डॉ. आंबेडकरांनी नाकांच्या मोजमापांचाच आधार घेऊन अस्पृश्यांचा वंश वेगळा असल्याचा सिद्धांत खोडून काढला. रिस्लेंची पट्टी रिस्लेंवरच उलटली. त्याआधी इरावती कर्वे बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या वंशवादी प्राध्यापकाच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशागणिक बदलतो, ही फिशरची अटकळ. आकड्यांतून ती सिद्ध होईना, आणि इरावतीबाईंनी तसं प्रबंधात लिहिलंही. गुरूच्या घरात बसून हे लिहिणं सोपं नव्हतं.

२०२२च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने आपल्या पोलिसांनाही जैविक नमुने घेऊन त्यांचं विश्लेषण करण्याची मुभा दिली आहे. उद्या त्यावरून चेहरा काढून देणारं कुणी आलं, तर न्यायालयाने पहिल्यांदा एवढंच विचारावं: या चित्रात आरोपीचं स्वतःचं किती आणि त्याच्या समाजाचं किती? त्याचा आकडा देता येत नसेल, तर ते चित्र चौकात लावू नये.