गोगलगाय अन् पोटात पाय

पिथमपूरच्या बाहा स्पर्धेहून परतताना टेम्पोत टीममधलं कुणी कुणाशी बोलत नव्हतं. हिल क्लाइंबला आपली एटीव्ही अर्ध्या चढावर अडकली, हे एक दुःख. त्याहून मोठं दुःख म्हणजे शेजारच्या जिल्ह्यातल्या कॉलेजची गाडी तोच चढ आरामात चढून गेली. कॉलेजच्या मुलांनी बांधलेल्या एटीव्हींच्या ह्या स्पर्धेत तेव्हा इंजिन सगळ्यांना सारखंच होतं: ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं, 305 सीसी, एका सिलिंडरचं, दहा एचपीचं. त्यात फेरफार करायचा नाही, असा नियम. त्यामुळे ‘त्यांचं इंजिन भारी होतं’ म्हणायची सोय हरणाऱ्याला उरत नव्हती.

कॅप्टनने तरी वाट काढलीच. “दहा एचपीत होतंय काय? नियम आडवा आला नसता तर दाखवलं असतं.”

कॅप्टनच्या सांगलीकडच्या कॉलेजच्या शेडमध्ये दोन वर्षांपूर्वीची एक एटीव्ही धूळ खात पडली होती. इंजिन तेच, पण आता तिला कुठल्या स्पर्धेत उतरायचं नव्हतं, म्हणजे नियमही नव्हता. कॅप्टनने ठरवलं, हिला टर्बो लावायचा आणि टेक फेस्टला सगळ्यांसमोर मागच्या माळावरचा मुरमाचा चढ चढवायचा. वर्गणी निघाली. भंगारातून स्विफ्ट डिझेलचा टर्बो आला. रॉकेलने धुऊन, पुसून तो वर्कशॉपच्या टेबलावर ठेवला गेला.

वर्कशॉपचे मामा लेथ बंद करून आले. आतलं चाक त्यांनी बोटाने फिरवलं, शाफ्ट हलवून पाहिला.

“दिसती गरीब. पण गोगलगाय अन् पोटात पाय असतंय बाळा. हिला तेल कुठनं देणार?”

“इंजिनमधूनच, मामा. सगळे तसंच देतात.”

मामा काही न बोलता कोपऱ्यातलं एक जळकं इंजिन घेऊन आले. तेही त्याच मॉडेलचं. क्रँककेस उघडून त्यांनी कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला असलेली छोटी पट्टी दाखवली. क्रँक फिरला की ही पट्टी तळाच्या तेलात आपटते आणि उडालेल्या शिंतोड्यांवर सगळं इंजिन चालतं. तेलाचा पंपच नाही. टर्बोचा शाफ्ट मात्र मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेतो, तोही दाबाने आलेल्या तेलाच्या पातळ थरावर तरंगत. शिंतोड्यांवर त्याचं भागत नाही.

इथे थांबता आलं असतं. पण इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला थांबणं हा विषय नसतो.

तेलासाठी विजेवरचा पंप आणला. इंजिन दोरी ओढून सुरू होणारं, बॅटरी चार्ज करण्याची त्यावर सोयच नव्हती. म्हणून बॅटरी आणली, तिला पट्ट्यांचा पिंजरा केला. मग तेलाची वेगळी टाकी. चार स्ट्रोकांत हे इंजिन एकदाच हवा ओढतं, उरलेले तीन स्ट्रोक टर्बोने फुंकलेली हवा जाणार कुठे? म्हणून मधे पत्र्याचा डबा. हवेचा दाब कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उलटं ढकलेल, म्हणून त्याच्या वाटीलाही दाबाची नळी. पहिल्यांदा गाडी चालू केली तर सायलेन्सरमधून निळा धूर. टर्बोतून तेल आपल्या वजनाने खाली उतरायला हवं, पण परतीच्या नळीला उतारच नव्हता. टर्बो वर उचलला, त्यासाठी केजला दोन नवे पाइप वेल्ड केले.

मधल्या काळात कॅप्टनने मामांना मोबाइलवर पोलारिसची जाहिरात दाखवली. “बघा, आरझेडआर टर्बो. 925 सीसीत 144 एचपी.”

“आन् बिनटर्बोची?”

उत्तर ज्युनिअरने शोधलं. हा ट्रान्समिशन बघणारा मुलगा, टीममध्ये चहा आणायला उपयोगी. “999 सीसी, मामा. 110 एचपी.”

“म्हंजे टर्बो लावताना इंजिन आधी ल्हान केलं की त्यांनी!” मामा हसले. माझ्या मते त्या महिन्यात वर्कशॉपमध्ये झालेलं सगळ्यात कामाचं बोलणं ते हेच. टर्बो लावायचा म्हणजे दाब आणि उष्णता सोसेल असं इंजिन मुळापासून मांडायचं असतं, हे त्यात सगळं आलं. कॅप्टनचं लक्ष वेल्डिंगकडे होतं.

मामांनी ज्युनिअरला वेगळ्या कामाला लावलं. स्पर्धेहून आलेली गाडी जॅकवर घे, न्यूट्रल टाक, मागचं चाक हाताने जोरात फिरव. चाक खरखरलं आणि एक फेरीही पूर्ण न होता थांबलं. ब्रेकच्या कॅलिपरचा ब्रॅकेट तिरका वेल्ड झाला होता, पॅड डिस्कला सतत घासत होते. सीव्हीटीचं कव्हर काढलं तर आत काळी रबराची पूड. चढावर बेल्ट घसरत होता. दहा एचपी होते, चाकापर्यंत मात्र पोहोचत नव्हते.

टेक फेस्टला टर्बोच्या गाडीभोवती गर्दी झाली. आवाज झकास होता आणि आपल्याकडे आवाजाला टाळ्या पडतातच. दाबाच्या मीटरचा काटा तेवढा शून्यावरून हलेना. 1248 सीसीच्या डिझेल इंजिनाला मोजून केलेला टर्बो. गव्हर्नर 3800 फेऱ्यांवर लगाम घालत असलेल्या ह्या चिमुकल्या इंजिनाचा धूर त्याला फिरवणार कितीसा? उलट धुराच्या वाटेत अडथळा तेवढा झाला. चार गोष्टींचं वजन वाढलं ते वेगळंच. गाडी चढाच्या मध्यावर गेली, धापा टाकू लागली आणि तिथेच पंपाची बॅटरी बसली. तेल बंद म्हणजे टर्बो जळणार. कॅप्टनने किल स्विच दाबला आणि वरून ओरडला, “दुसरी बॅटरी आणा रे!”

बॅटरी जड, मुरमाचा चढ निसरडा. ज्युनिअरने ती आपल्या सीटमागे पट्ट्याने बांधली, स्पर्धेची गाडी काढली आणि निघाला. कॅप्टनपाशी चढावर थांबायची त्याला भीती वाटली असावी. तो पुढे गेला, माथ्यावर पोहोचला, गाडी वळवून सावकाश खाली आला आणि टर्बोवाल्या गाडीशेजारी थांबला.

“इंजिनात काय केलंस?” कॅप्टनने विचारलं.

“काही नाही. हात लावायचा नसतो ना त्याला.”

बॅटरी तशीच सीटमागे राहिली. कॅप्टन गुडघ्यांवर बसला, मागच्या चाकाच्या आत डोकावला, नव्या ब्रॅकेटवरून बोट फिरवलं.

“जॅक आणलायस का?”