फुंकर कोणाची?

टॅकोमाच्या काचसंग्रहालयात भट्टीसमोर प्रेक्षकांना बसायला पायऱ्या आहेत. तिथून पाहिलं की लगेच कळतं, फुंकून घडवलेली काच एकट्याच्यानं होत नाही. बाकावर बसलेला कारागीर नळी फिरवतो, दुसरा तिच्या टोकाला तोंड लावून फुंकतो, तिसरा मध्ये लाकडी फळी धरून कारागिराच्या हाताला आच लागू देत नाही. ११०० अंश सेल्सिअसच्या भट्टीतून काढलेली काच, नळी फिरायची थांबली की काकवीसारखी ओघळते.

काचकलाकार डेल चिहुली याच गावचे, जन्म १९४१चा. १९६८ मध्ये ते इटलीत मुरानोला व्हेनिनीच्या काचकारखान्यात गेले आणि सगळ्यांनी मिळून काम करायची ही रीत तिथे त्यांनी जवळून पाहिली. पुढे इंग्लंडमध्ये १९७६ साली मोटारीच्या अपघातात त्यांच्या डाव्या डोळ्याची दृष्टी गेली. १९७९ मध्ये समुद्राच्या लाटांत खेळताना खांदा निखळला, आणि बाकावरची जागा त्यांनी सोडली. मागे उभं राहून सगळं काम दिसतं, हे आपल्याला आवडलं, असं ते नंतर सांगत. ज्या कामामुळे जग त्यांना ओळखतं ते बहुतेक त्यानंतरचं आहे.

सिएटलच्या आमच्या घरगुती गीतावर्गात अठरावा अध्याय चालू असताना मी हे उदाहरण पुढे ठेवलं. कोणत्याही कर्माची पाच कारणं तिथे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. एक मैत्रीण म्हणाली, "मग चिहुलींनी काचेवर सही का करावी? तो अहंकारच ना?"

मला ते पटत नाही. गीता कर्त्याला यादीतून काढत नाही; एकट्या त्यालाच कर्ता मानणाऱ्याची दृष्टी चुकते, एवढंच म्हणते. १९८८ची 'व्हेनेशियन्स' मालिका घ्या. रेखाटनं चिहुलींची, बाकावर मुरानोचे काचकारागीर लिनो तालियापिएत्रा. लिनोंच्या हातात जे होतं ते चिहुलींच्या हातात कधीच नव्हतं. पण ते बेफाम आकार, अंगावर वेटोळी आणि पानं चढलेली ती भांडी, मुरानोच्या शिस्तीत वाढलेल्या लिनोंनी आपणहून घडवली असती असं मला वाटत नाही. काय हवं आहे हे ठरवणं, आणि झालेलं नको म्हणून बाजूला सारणं, हेही कर्मच. ती सही मला खोटी वाटत नाही.

माझी अडचण वेगळीच आहे. लिनोंना कुठल्या रकान्यात घालायचं? करण, म्हणजे साधन, म्हटलं तर ते नळी आणि चिमट्यांच्या पंगतीत बसतात, आणि माणसाला तिथे बसवायला माझं मन धजत नाही. त्यांच्या बाकावरून पाहिलं तर कर्ता तेच. चिहुलींचं रेखाटन, साथीदाराची फुंकर, काचेचा स्वतःचा ओघ ही बाकीची कारणं. फळी धरणाऱ्या मुलाच्या जागेवरून मोजलं तर यादी पुन्हा बदलते, आणि त्याच्या यादीत कर्ता तोच असतो. भाष्यकार अधिष्ठानाचा अर्थ शरीर असा करतात. तेव्हा जितकी शरीरं भट्टीभोवती, तितक्या याद्या. म्हणून दालनातल्या पाटीवर चिहुलींच्या नावाखाली लिनोंचं नाव हवंच, असा माझा आग्रह आहे. त्या मुलाचंही हवं. मैत्रिणीला अजून हे मान्य नाही. तिच्या मते नावं वाढवली की अहंकार तेवढाच वाढतो. पुढच्या रविवारी हाच श्लोक पुन्हा घ्यायचा ठरलं आहे.