पहाटे विझलेली नखं

पहाटे पाचला स्वयंपाकघरात दिव्याच्या बटणाकडं हात नेला, तेवढ्यात मागून भाचीचा आवाज आला, "लाईट लावू नको आत्या, आधी हे बघ." अंधारात तिनं दोन्ही हात पुढं केले. दहा बोटांच्या टोकांवर हिरवट उजेड होता, पण इतका फिका, की नजर स्थिरावल्यावरच दिसावा. "रात्री केवढं चमकत होतं!" ती हिरमुसली. मला मात्र ते विझणंच बरं वाटलं.

आमचं गाव कळंब तालुक्यातलं. काल जेवणं उरकल्यावर तिनं वर्तमानपत्र अंथरलं आणि नखं रंगवायला बसली. आधी नखावर पातळ, चिकट द्रव फिरवला. तो फेविक्विकच्याच जातीचा असतो. तो ओला असतानाच वर पूड घ्यायची, ब्रशनं झटकायची, पुन्हा द्रव, पुन्हा पूड. असे दोन-तीन थर झाले की ते कडक करणारा दुसरा द्रव, आणि शेवटी चकाकीचा हात. दिव्याखाली हात धरून वाळवायची गरज नाही, म्हणून घरी जमतं. मैत्रिणींमध्ये डबी एकच. म्हणून बोट डबीत बुडवायचं नाही, चमच्यानं पूड नखावर सोडायची, हा नियम या पोरींनी आपसांत ठरवलेला. त्याचं मला फार कौतुक वाटलं.

नागपंचमीला आम्ही हातांना मेंदी लावून, वर फडकं गुंडाळून झोपायचो आणि उजाडल्यावर रंग बघायचो. हिला रंग बघायला अंधार लागतो. हौस तीच आहे. दिवसभर खुरपं धरणाऱ्या आणि कॉलेजात वही धरणाऱ्या बोटांनी ती का करू नये?

भाची या पुडीला 'रेडियम' म्हणते. आपल्याकडं अंधारात चमकेल ते सगळं रेडियमच. उसाच्या ट्रॉलीमागं लावलेली पट्टीसुद्धा. ती पट्टी तर नुसती परावर्तक. मागून येणाऱ्या गाडीचा उजेड तेवढा परत फेकते. नखावरच्या अशा पुडीत बहुतेक वेळा स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट असतं. ते बल्बचा, उन्हाचा उजेड पोटात धरतं आणि तास-तास सावकाश सोडतं.

खरं रेडियम वेगळं. क्युरी दांपत्यानं ते 1898 मध्ये शोधलं. पुढं अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी तरुण मुली घड्याळाच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग भरायच्या. आकडे बारीक यावेत म्हणून कुंचल्याचं टोक ओठांत धरून टोकदार करायच्या. तसंच करायला त्यांना शिकवलं होतं. रंग निर्धोक आहे असंही सांगितलं होतं. त्याच कारखान्यातले रसायनतज्ज्ञ मात्र शिशाच्या आडोशामागून काम करत. त्या मुलींनी हौसेनं तोच रंग नखांनाही लावला. मग दात पडू लागले, जबड्याची हाडं सडली, कित्येकींचा जीव गेला. पाच जणींनी 1927 मध्ये कोर्टात दावा लावला, तेव्हा काहींना धड चालताही येत नव्हतं. पुढच्या वर्षी तडजोड झाली. तो रंग उजेड द्यायला उजेड मागत नसे. रेडियम अर्धं सरायला सोळाशे वर्षं लागतात.

म्हणून पहाटे फिकी पडलेली ती दहा नखं बघून मला हायसं वाटलं. रात्री घेतलेलं सकाळपर्यंत देऊन मोकळी झालेली. भाचीला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यांना कुणी खरं सांगितलंच नाही का गं?"

एवढ्यात भाऊ हरभऱ्याला रात्रीचं पाणी देऊन आला, चहा मागितला, आणि आम्ही दिवा लावला. उजेडात तिची नखं साधी पांढरट दिसत होती. भाकरी आज मीच थापली, कारण असल्या थराचा टवका पिठात जाऊ नये.

तुमच्या घरातही कुणी लेक, सून, भाची हे करत असेल, तर तिला नावं ठेवू नका. तिच्याजवळ बसा आणि डबीवर काय लिहिलंय ते दोघी मिळून वाचा. ज्या डबीवर काहीच लिहिलेलं नाही, ती घेऊ नका. पूड झटकताना खिडकी उघडी ठेवा, नाका-तोंडावर रुमाल बांधा. द्रव नखालगतच्या कातडीला लागू देऊ नका. खाज किंवा लाली आली तर तिथंच थांबा. थर काढताना खरवडू नका, त्यासोबत नखाचे पापुद्रे निघतात. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस दहा-पंधरा मिनिटं नखावर बांधून ठेवा, थर आपोआप सुटतो. आणि अ‍ॅसिटोनची बाटली चुलीजवळ, गॅसजवळ मुळीच उघडू नका. ते चटकन पेट घेतं.